इतिहासाचं गाणं: रचायचं कसं आणि मुलांच्या तोंडी बसवायचं कसं

पहिली-दुसरीच्या मुलांना स्वातंत्र्यलढा शिकवायचा म्हणून केलेलं गाणं बहुतेकदा नावांची यादी होऊन बसतं. टिळक, गोखले, गांधी, नेहरू, सुभाषबाबू, भगतसिंग, एकामागून एक. चाल चांगली असली तर मुलं ती यादी आठ दिवसांत पाठही करतात. मग विचारा, "भगतसिंग कोण होते?" उत्तर येतं, "सुभाषबाबूंच्या नंतरचे." इथे मूल चुकलेलं नाही. गाण्याने त्याला क्रम शिकवला आणि क्रम त्याला आला.

हा लेख साधारण चार ते नऊ वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी आहे. बालवाडीच्या ताई असोत, शाळेतले सर-बाई असोत की घरचे आई-बाबा. गाणं शिकलेलं असायला हवं असं नाही. लयीत टाळी देता आली आणि एक सूर धरून ठेवता आला की काम भागतं.

प्रसंग निवडणं

एका गाण्यात एकच प्रसंग घ्या, आणि त्या प्रसंगाचा एकच 'का'. 'महात्मा गांधी' हा गाण्याचा विषय होत नाही, दांडीला जाऊन मीठ उचलणं हा होतो. 'सावित्रीबाई फुले' यापेक्षा अंगावर चिखल-शेण फेकलं जात असतानाही रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई मुलांना दिसतात.

प्रसंग चालेल की नाही हे पाहायला तीन गोष्टी तपासा. त्यात हातापायांनी करून दाखवण्यासारखं काही आहे का? मुलाच्या ओळखीची एखादी वस्तू आहे का? आणि 'का' हे एका वाक्यात सांगता येतं का? मिठाच्या बाबतीत ते वाक्य असं: मीठ स्वतः करायला बंदी होती आणि विकत घ्यावं तर त्यावर सरकारचा कर होता. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेच्या बाबतीत असं: मुलींनी शिकू नये असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. दोन्ही वाक्यं पाच वर्षांच्या मुलाला कळतात, आणि दोन्ही ऐकून त्याला राग येतो. तो राग आला की गाण्याला पाय फुटतात.

आता पुरंदरचा तह घ्या. १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले दिले आणि बारा ठेवले, एवढं यमकात बसवणं सोपं आहे. पण 'का दिले?' याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, आणि उत्तराशिवाय मुलाला तो नुसता पराभव वाटतो. असे प्रसंग चौथीत शिवचरित्र अभ्यासाला येईपर्यंत राहू द्यावेत. संविधानाचंही तसंच. '२६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० पासून लागू झालं' हे गाण्यात घालण्याच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा झेंड्याचं गाणं करा. तीन पट्टे, मधलं चक्र, चक्राचे चोवीस आरे. मोजता येतं, रंगवता येतं, आणि २६ जानेवारीला समोर दिसतं.

चाल कुठून आणायची

नव्याने चाल बांधायची गरज नाही. मराठीत गाण्याचे साचे तयार आहेत, फक्त प्रसंगाला साजेसा उचलायचा. लढाई, चढाई, सुटका असेल तर पोवाडा. त्यात 'जी जी रं जी' ही झील मुलांकडे द्या आणि कथा तुम्ही सांगा. चार वर्षांचं मूलही झील बिनचूक धरतं. दळणाऱ्या, शिकणाऱ्या, सोसणाऱ्या बायकांची गोष्ट ओवीत शोभते. गोल फेर धरून म्हणायचं असेल तर भोंडल्याची चाल. चालत जाण्याचा प्रसंग असेल तर केरवा, म्हणजे आठ मात्रांचा (ठोक्यांचा) ताल.

पाळण्याचा साचा विशेष कामाचा आहे, कारण त्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी अशी आपोआप उतरंड येते आणि मुलांना क्रम लक्षात राहतो. पण त्यात एक खड्डा आहे. पाळण्यातले दिवस जन्मानंतरचे असतात. 'तिसऱ्या दिवशी अफझलखान आला' असं केलंत तर मुलं खरोखर तसंच समजतात: बाळ तीन दिवसांचं असताना खान आला! म्हणून दिवसांच्या जागी गड घाला. पहिला गड शिवनेरी, तिथे १६३० साली जन्म. दुसरा तोरणा, तिथून स्वराज्याची सुरुवात. तिसरा प्रतापगड, १६५९. चौथा सिंहगड, १६७०. पाचवा रायगड, १६७४ चा राज्याभिषेक. पाच बोटं, पाच गड. सालं गाण्यात नकोत, ती तुमच्या डोक्यात असली म्हणजे झालं.

सिनेगीताच्या चालीवर शब्द बसवायचा मोह होतो. पाठांतर लवकर होतं हे खरं, पण मूळ शब्द मुलांच्या ओठावर आधीच असतात आणि तिसऱ्या कडव्यात ते उसळून वर येतात. शिवाय ते गाणं चित्रित करून टाकायचं म्हटलं की चालीच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो. लोकचालीला ही दोन्ही दुखणी नाहीत.

चाल स्वतःच बांधायची असेल तर भूप रागाचे पाच स्वर घ्या: सा रे ग प ध. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे मुलं जिथे हमखास घसरतात त्या जागाच येत नाहीत. लहानांसाठी तर सा ते प एवढ्यातच फिरा.

शब्द रचणं: दांडीचं गाणं

घटना अशी. १२ मार्च १९३० ला गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह साबरमती आश्रमातून निघाले. सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलला सकाळी त्यांनी किनाऱ्यावरचं मीठ उचलून कायदा मोडला. यातलं गाण्यात किती घ्यायचं? निघणं, चालणं, उचलणं. कडवी तीन, प्रत्येकाच्या ओळी चार, ओळीत अक्षरं आठ. आठ अक्षरं म्हणजे केरव्याचं एक आवर्तन (एक पूर्ण फेरी), आणि पाच वर्षांच्या मुलाच्या श्वासातही साधारण एवढंच मावतं.

अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. पण आकडा जुळला म्हणजे ओळ जमली असं नाही. ही ओळ बघा:

साबरमतीच्या काठी

मोजली तर बरोबर आठ. आता टाळी देऊन म्हणा. केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर जोर येतो, त्यामुळे ओळ 'साबरम – तीच्या काठी' अशी तुटते. मुलं तशीच म्हणणार, आणि महिन्याभराने कोणीतरी विचारणार, "तीच्या म्हणजे कोणाच्या?" म्हणून अष्टाक्षरीत शब्दसुद्धा चार-चारवर तुटले पाहिजेत. नवशिक्या रचनाकाराचं गाणं वाचताना छान वाटतं आणि म्हणताना अडखळतं, त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. साबरमतीला गाण्याबाहेर ठेवा, तिचं नाव गप्पांमध्ये येईल.

'अठ्ठ्याहत्तर' हाही असाच शब्द. अक्षरं फक्त पाच, पण सहा वर्षांची जीभ तिथे घसरते आणि सगळा वर्ग हसण्यात वाहून जातो. तोही गप्पांमध्ये.

तिसरी अडचण खास मराठी आहे. ध्रुपद (दर कडव्यानंतर परत येणाऱ्या ओळी) 'चला चला दांडीला हो' असं केलं तर दुसरी-तिसरीतली पोरं गालातल्या गालात हसायला लागतात, कारण त्यांच्या लेखी दांडी मारतात ती शाळेला. लहानांना तर दांडी म्हणजे कपडे वाळत घालायची. 'दांडी गावा' म्हटलं की ते गाव आहे हे ओळीतच कळतं. एवढं सांभाळून झालेलं गाणं असं:

चला चला दांडी गावा
मूठभर मिठासाठी

आश्रमाच्या दारातून
बापू आले हाती काठी
टकटक टकटक
सारे जण त्यांच्या पाठी

गाव गेले नदी गेली
रोज चाल रोज चाल
पाय दुखे धूळ उडे
चुकेना हो त्यांचा ताल

समुद्राच्या काठावर
मीठ हाती उचलले
जुलमाच्या कायद्याला
हसतच झुगारले

ध्रुपदाची सरगम. 'चला चला दांडी गावा' ही ओळ सा सा रे रे, ग ग प ग. 'मूठभर मिठासाठी' ही प ग रे रे, ग रे सा सा. कडव्याच्या चारही ओळी याच दोन सुरावटींवर आलटून पालटून म्हटल्या तरी चालतं. लहानांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, तो मोठ्यांना येतो.

'टकटक' ही ओळ फालतू वाटेल, तरी काढू नका. अर्थ नसलेली, नुसत्या आवाजाची एक ओळ प्रत्येक गाण्यात असावी. ज्याला बाकीचे शब्द आठवत नाहीत ते मूल निदान तिथे गाण्यात शिरतं, आणि एकदा आत शिरलं की पुढच्या ओळीही उचलतं.

पट्टी आणि लय

पेटी असेल तर मध्य सप्तकात पांढरी दोन किंवा काळी दोन सा धरा. तिथून पंचमापर्यंतचा (प पर्यंतचा) पट्टा लहान गळ्याला सोयीचा असतो. मोठी माणसं नकळत आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत सुरू करतात. मुलांना ती पट्टी लागत नाही, मग ती गाणं सोडून बोलायला लागतात आणि आपण म्हणतो, 'वर्गाला सूरच नाही'. शिकवणारे पुरुष असतील तर आणखी एक घोटाळा होतो: मुलं त्यांचा खर्ज तसाच पकडायला जातात आणि घशातून गुरगुरतात. अशा वेळी सूर पेटीवरून द्या, नाहीतर वर्गातल्या एखाद्या सुरेल मुलीला पहिली ओळ म्हणायला सांगा.

एक ओळ साधारण तीन सेकंदांत संपावी. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला मांडीवर थाप. चालायचं असेल तेव्हा एक मात्रा सोडून एक पाऊल, म्हणजे ओळीत चार पावलं. ध्रुपद दर वेळी दोनदा धरून पूर्ण गाणं दीड मिनिटात होतं, आणि या वयाला तेवढंच पुरे. वाद्यं दोनच: एक डफ किंवा उपडा डबा, एक टाळजोडी. खंजिऱ्या, खुळखुळे सगळ्यांच्या हातात दिलेत की शब्द ऐकू येईनासे होतात.

शिकवण्याचा क्रम

रोज दहा ते पंधरा मिनिटं, असे सात-आठ दिवस धरा.

पहिल्या दिवशी गाणं नाही. एका वाटीत खडेमीठ न्या, प्रत्येकाला एक-एक खडा चाखू द्या. "उद्यापासून हे घरी करायचं नाही आणि विकत घेताना जास्तीचे पैसे सरकारला द्यायचे, असं कोणी सांगितलं तर?" मुलं बोलतील, भांडतील, बोलू द्या. मग गोष्ट सांगा, पाच मिनिटांत, आणि कायदा मोडल्यावर काय झालं तिथे थांबा.

दुसऱ्या दिवशी फक्त ध्रुपद. तुम्ही पूर्ण ओळ म्हणायची, मुलांनी पूर्ण ओळ म्हणायची. ओळ तोडून शब्द-शब्द शिकवू नका, कारण मुलं तो मधला थांबाही चालीचा भाग म्हणून पाठ करतात आणि पुढे तो जाता जात नाही. पाच-सहा वेळा झालं की कुजबुजत म्हणा, मग नुसतं गुणगुणा, मग मोठ्याने. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी एकेक कडवं, आणि दर वेळी सुरुवात ध्रुपदापासून. नवं कडवं आधी नुसतं बोलून घ्या, टाळीवर, सुराशिवाय. जिथे जीभ अडते ती जागा बोलतानाच कळते.

सहाव्या दिवशी चालत म्हणायचं. वर्गाच्या कडेने रांग, पुढच्याच्या हातात काठी म्हणून गुंडाळलेला कागद (खरी काठी देऊ नका, कारण सांगायला नको). तिसऱ्या कडव्याला सगळे वाकतात, मूठ भरतात, सरळ होतात. 'उचलले' या शब्दावरच मूठ वर आली पाहिजे. कृती शब्दाच्या मागे पडली की लय ढेपाळते.

सातव्या दिवशी चित्र. गाणं डोक्यात काय होऊन बसलंय ते चित्रात दिसतं, तोंडी प्रश्नांत दिसत नाही. कोणी बापूंच्या हातात क्रिकेटची बॅट काढेल, कोणी दुकानातल्या मिठाची पिशवी समुद्रकाठी ठेवेल. बॅट राहू द्या. पिशवी मात्र थांबून बोलण्यासारखी आहे: समुद्राचं पाणी वाळलं की मीठ उरतं, ते तिथे फुकट पडलेलं होतं, आणि म्हणूनच ते उचलायला बंदी असणं अन्यायाचं होतं. इथे गाण्याचा 'का' पक्का होतो.

आठवा दिवस ज्यांना जमेल त्यांनी आपल्या आसपासच्या गोष्टीसाठी ठेवावा. मिठाचा सत्याग्रह दांडीपुरता नव्हता. त्याच १९३० साली मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर आणि कोकणात शिरोड्यालाही लोक गेले. कोकणातल्या शाळेने चौथं कडवं शिरोड्याचं करावं, आणि तिसरी-चौथीची मुलं असतील तर त्यांच्याकडूनच करून घ्यावं. चार-चार अक्षरांचा नियम त्यांना खेळासारखा जमतो.

काय बिघडतं

गाण्याचं ओरडणं होतं. स्नेहसंमेलन किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की हे ठरलेलं. कारण आपणच "मोठ्याने!" म्हणतो. त्याऐवजी "समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचवा" म्हणा. तयार संगीताच्या फितीवर घाईने बसवू नका. फीत मुलांच्या श्वासासाठी थांबत नाही.

दंतकथा आणि इतिहास एकत्र शिजतो. तानाजी मालुसऱ्यांची घोरपड पोवाड्यामुळे घरोघरी पोहोचली, मुलांना ती आवडतेच, आणि गाण्यातून तिला हाकलायचं कारण नाही. पण ओळीत 'म्हणती' किंवा 'सांगती' हा तीन अक्षरांचा शब्द घाला, आणि गप्पांमध्ये सांगा की मावळे रात्री कडा चढून गेले हा इतिहास, घोरपड ही लोकांनी सांगितलेली गोष्ट. सात वर्षांच्या मुलाला हा फरक नीट कळतो. उलट आपण काहीतरी गुपित सांगतोय असं वाटून ते कान टवकारतं.

शत्रू म्हणजे एक अख्खा समाज होऊन बसतो. हे सगळ्यात जपायचं. गाण्यात माणसाचं नाव घ्या, शाइस्तेखान म्हणा, औरंगजेब म्हणा, 'इंग्रज सरकार' म्हणा. धर्माचं किंवा जातीचं नाव शत्रूच्या जागी येऊ देऊ नका. शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते मुलाला माहीत असतं, आणि गाण्यातला शब्द ते मधल्या सुट्टीत वापरतं. पोट फाडणं, बोटं तोडणं यावर आख्खं कडवं खर्ची घालायचीही गरज नाही. लाल महालाच्या गाण्यात मुलांना खरी मजा येते ती अंधारात पाऊल न वाजवता आत शिरण्याची.

साल कधी आणि कसं

सहा वर्षांखालच्या मुलाला १९३० आणि १६३० सारखेच. सातव्या-आठव्या वर्षापासून साल द्यायला हरकत नाही, पण ओळीत कोंबू नका, गाण्याच्या शेवटी आरोळीसारखं ठेवा. तुम्ही विचारायचं, "साल कोणतं?" मुलं चार टाळ्यांवर: "एकोणीसशे तीस!"

या आकड्याला अंतर मिळावं म्हणून वर्गात एक दोरी बांधा, पाच मीटरची. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. एका टोकाला 'आज'. तिथून सात-आठ सेंटिमीटरवर मुलांचा जन्म, सत्तरीच्या आसपास कोणाची तरी आजी, मीटरभराच्या अंतरावर दांडी. शिवनेरीचा चिमटा लावायला मात्र उठून चार मीटर चालत जावं लागतं, दोरीच्या दुसऱ्या टोकाजवळ. प्रत्येक नवं गाणं बसलं की त्याचं चित्र चिमट्याने आपल्या जागी अडकवा. चिमटा कुठे लावायचा हे मुलांनाच मोजू द्या. पहिल्या खेपेला बहुतेक जण आजीला दांडीच्या पलीकडे नेऊन ठेवतात.